पोरांना सायन्स सांगायचंय? कोल्हापुरातल्या नवख्यांसाठी, पायरी-पायरीनं

फेब्रुवारी आला की फोन सुरू होतात. २८ तारखेला विज्ञान दिन असतो, मग शाळा, वाचनालय, तालीम मंडळ, अपार्टमेंटचा ग्रुप, सगळ्यांनाच पोरांना तासभर काहीतरी सायन्सचं सांगणारा माणूस पाहिजे असतो, आणि गल्लीत जो बीएस्सी नाहीतर इंजिनिअर असेल तो आपोआप सापडतो. तुम्ही असे सापडला असाल, किंवा नवीनच शिक्षक झाला असाल, किंवा घरातलाच भाचा "मामा हे असं का?" करून डोकं खात असेल, तर हे तुमच्यासाठी. तिसरी ते आठवीची पोरं डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. त्याच्या वरची पोरं मोबाईलवर बघून येतात, त्यांचा विषय वेगळा.

माझं सगळं म्हणणं एकाच गोष्टीवर आहे. शोध कोणता लागला ते सांगण्यात वेळ घालवू नका, ते कळलं कसं ते सांगा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे पोरांना बालवाडीपासून पाठ असतंय, पण "कशावरून रे?" असं विचारा, सगळी एकमेकांकडं बघायला लागतात. तुमचं काम तिथून सुरू होतं.

पायरी १: टॉपिक नको, प्रश्न घ्या

"अंतराळ", "ऊर्जा", "पर्यावरण" हे टॉपिक झाले, यावर तासभर बोललात तर पोरं हातावर पेननं घड्याळ काढत बसतील. त्यापेक्षा एक प्रश्न घ्या ज्याचं उत्तर इथं बसून काढता येतं. उदाहरण सांगतो. कोल्हापुरात पाणी किती डिग्रीला उकळतं? सगळी पोरं एका सुरात शंभर म्हणतात, पुस्तकात तेच आहे. आता शेगडीवर पातेलं ठेवा, लॅबमधला थर्मामीटर पाण्यात धरा (ताप बघायचा अजिबात नको, फुटतो तो), पाणी खळाखळा उकळतंय आणि आकडा ९८ च्या आसपास येऊन थांबलाय. गॅस मोठा करा, तरी पुढं सरकत नाही. बस्स, आता पोरं तुमची.

कारण सोपं आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे, म्हणजे आपल्या डोक्यावरची हवा मुंबईपेक्षा थोडी कमी, तिचा दाब कमी, म्हणून पाण्याला वाफ होऊन निसटायला जरा कमी तापमान पुरतं. पन्हाळ्यावर अजून कमी. एव्हरेस्टच्या माथ्यावर सत्तरच्या आसपासच. आणि घरातल्या कुकरात बरोबर उलटं, आत दाब वाढवलेला असतो म्हणून पाणी १२० च्या जवळपास जातं आणि डाळ लवकर शिजते. एक पातेलं आणि एक थर्मामीटर, एवढ्यावर अर्धा तास आरामात जातो. थर्मामीटर आधी घरी तपासून घ्या, स्वस्तातले एकदोन डिग्री इकडंतिकडं दाखवतात. पोरांपैकी कुणी "थर्मामीटरच खोटा असंल की" म्हणालं तर त्याला शाबासकी द्या, आणि दुसरा थर्मामीटर खिशात तयार ठेवा.

पायरी २: आदल्या रात्री एका कागदावर तीन ओळी

पीपीटी करत बसू नका. कोणताही शोध सांगायचा असला तरी तीनच ओळी लिहा: आधी लोकांना काय वाटायचं, कुणी नेमकं काय बघितलं किंवा मोजलं, आणि दुसऱ्या कुणी ते तपासलं का. दुसरी ओळ लिहिता येत नसेल तर तो विषय तुम्हाला अजून कळलेला नाही, उद्या दुसरा घ्या.

हीच चाळणी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या सायन्सलाही लावा, पोरं ते घेऊन येतातच. दर ऑगस्टात फिरणारा मेसेज, "मंगळ चंद्राएवढा दिसणार". पाचवी-सहावीच्या पोरांना फळ्यावर आकडे द्या. चंद्राचा व्यास ३४७५ किमी, अंतर ३ लाख ८४ हजार किमी. मंगळाचा व्यास ६८०० किमीच्या आसपास, म्हणजे चंद्राच्या दुप्पट, पण २००३ साली तो खूप जवळ आला होता तेव्हासुद्धा अंतर ५ कोटी ६० लाख किमीच्या घरात होतं, म्हणजे चंद्राच्या जवळजवळ १४५ पट. दुप्पट मोठा, १४५ पट लांब, मग दिसणार केवढा? भागाकार पोरांनाच करू द्या. घरी जाऊन ती काकांच्या ग्रुपवर उत्तर टाकतात, ते एक वेगळंच सुख.

पायरी ३: आधी वस्तू दाखवा, नाव नंतर

ही पायरी सगळ्यात मोठी आहे आणि नवीन माणूस इथंच उलटा जातो. फळ्यावर "पृथ्वीच्या अक्षाचा कल" असं लिहून सुरुवात करतो, मग व्याख्या, मग आकृती, मग उदाहरण. उलट चला. आणि यासाठी कोल्हापूरसारखं गाव नाही, आपल्याकडं अंबाबाईचा किरणोत्सव आहे.

इथल्या प्रत्येक पोराला किरणोत्सव माहीत असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात देवीपर्यंत पोचतात, पहिल्या दिवशी पायांवर, मग अंगावर, मग चेहऱ्यावर. तारखाही पाठ असतात, ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. तेवढ्यावर थांबतात सगळे. तुम्ही तिथून पुढं चला आणि विचारा: वर्षातनं दोनदाच का? आणि याच तारखांना का?

उत्तर देऊ नका! कॅलेंडर द्या. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर दिवस मोजायला लावा, ४१ येतात. मग २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी मोजा, ४२. हा हिशोब पोरांनी स्वतः केला की पुढचं बोलणं सोपं जातं, कारण २१ डिसेंबरात काहीतरी आहे हे त्यांच्याच लक्षात आलेलं असतं. मग सांगा की त्या सुमाराला सूर्य मावळायची जागा दक्षिणेला जास्तीत जास्त सरकलेली असते आणि तिथून परत फिरते, म्हणजे जाताना एकदा आणि येताना एकदा तो त्याच जागी मावळणार, आणि ती जागा महाद्वाराच्या आणि गाभाऱ्याच्या सरळ रेषेत आली की किरण आत.

आता हे खरं कशावरून? गच्चीवर चला. दर रविवारी संध्याकाळी एकाच ठिकाणी उभं राहून सूर्य कुठल्या बिल्डिंगच्या, टाकीच्या, झाडाच्या मागं गेला ते वहीत काढायचं. मार्च-सप्टेंबरच्या सुमाराला ही जागा रोज जवळजवळ सूर्याच्या स्वतःच्या रुंदीएवढी सरकते, आठवड्यात सहज दिसतं. जूनच्या टोकापासून डिसेंबरच्या टोकापर्यंत आपल्या गावात हा सगळा पट्टा साधारण ४९ अंशांचा होतो. अंश कसे मोजायचे? हात सरळ पुढं ताणून मूठ धरा, मुठीची रुंदी अंदाजे १० अंश, म्हणजे पाच मुठी. (पोरांना सक्त सांगा, सूर्याकडं टक लावून बघायचं नाही, तो मागं गेल्यावर जागा बघायची. दुर्बीण तर लांबच ठेवा.)

ज्यांच्या घराला पश्चिमेची खिडकी आहे त्यांना अजून एक काम. संध्याकाळी खिडकीतनं येणारा उन्हाचा तुकडा समोरच्या भिंतीवर कुठं पडतो तिथं दर पाच मिनिटांनी पेन्सिलीची खूण करायची. सूर्य खाली जातो तसा तुकडा वर चढतो! पोरांना हे आधी पटत नाही, खाली यायला पाहिजे असं वाटतं. खुणा बघितल्यावर पटतं, आणि गाभाऱ्यात किरणं पायाकडून वर का चढतात हे तुम्ही न सांगता त्यातलं एखादं बोलून जातं. एवढं सगळं झाल्यावर मग चेंडू आणि बॅटरी काढा, पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंश कललाय ते दाखवा.

एखाद्या वर्षी ढग आले, धूर-धूळ असली किंवा वाटेत काही आडवं आलं तर किरण मूर्तीपर्यंत पोचत नाहीत, पेपरात येतं तसं. तेही सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि कुणी पोरानं "म्हणजे देवीचा चमत्कार नाही का ओ?" असं विचारलं तर त्याच्या घरच्या श्रद्धेवर भाषण ठोकू नका, किरण आत कसा येतो एवढंच तुमचं काम. देऊळ बांधणाऱ्यांना सूर्याची चाल चांगली माहीत असणार, एवढं सांगितलं की आजीला पण आवडतं आणि पोराला पण.

पायरी ४: करायच्या आधी अंदाज

कुठलाही प्रयोग दाखवायच्या आधी हात वर करायला लावा, कोण म्हणतंय वर जाईल, कोण म्हणतंय खाली. एकदा पोरानं बाजू घेतली की ते शेवटपर्यंत बघतं, कुस्तीत एका पैलवानाकडनं झालेल्या माणसासारखं. एवढंच, जास्त ताणू नका.

पायरी ५: मोठे आकडे चालून दाखवा

सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे असं सांगितलं की पोरं मान हलवतात आणि विसरतात. रंकाळ्याच्या कडेला सकाळी गर्दी नसताना घेऊन जा. सगळं एक हजार कोटी पटीनं लहान करा, मग सूर्य १४ सेंटीमीटरचा बॉल होतो आणि पृथ्वी राजगिऱ्याच्या एका दाण्याएवढी, १५ मीटरवर. गुरू म्हणजे एक गोटी, ७८ मीटरवर. नेपच्यून ज्वारीचा दाणा, पण साडेचारशे मीटर चालत जायचं. तिथं पोचल्यावर मागं वळून बॉल दिसतोय का बघा म्हणावं. आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा याच मापानं किती लांब? चार हजार किलोमीटर. आपल्या देशाची काश्मीर ते कन्याकुमारी लांबी ३२०० च्या आसपास, म्हणजे देश संपला तरी तारा आला नाही.

अजून एक गंमत आहे यात. या मापात प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ सेंटीमीटर येतो. एका पोराला "तू प्रकाश" म्हणून बॉलपासून राजगिऱ्यापर्यंत त्या वेगानं सरकायला लावा, बरोबर ८ मिनिटं २० सेकंद लागली पाहिजेत. कुणाला दम निघत नाही, अर्ध्यात पळत सुटतात, पण सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागतो हे आयुष्यात विसरत नाहीत.

दाणे खिशात दोन-चार जास्तीचे न्या, पृथ्वी हमखास हरवते.

पायरी ६: शास्त्रज्ञाची गोष्ट सांगा, पण हिरो करू नका

"एके दिवशी त्यांच्या डोक्यात कल्पना आली आणि शोध लागला" ही गोष्ट बंद करा बाबा. पोरांना वाटतं आपल्या डोक्यात काही येत नाही म्हणजे आपण ढ. त्यापेक्षा रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरची गोष्ट घ्या, आपल्याच देशात घडलीय. त्याच्या आधी खूप लोक मानायचे की दलदलीच्या खराब हवेनं मलेरिया होतो. डासाचा संशय होता, पुरावा नव्हता. रॉस दोनेक वर्षं डास फाडून मायक्रोस्कोपखाली बघत बसला, काही मिळेना, कारण तो चुकीच्या जातीचे डास बघत होता. मग ठिपकेदार पंखांचा दुसरा डास मिळाला, आणि २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादला मलेरियाच्या पेशंटला चावलेल्या त्या डासाच्या पोटात त्याला मलेरिया करणारा परजीवी सापडला. तरी काम संपलं नाही. पोटात आहे हे ठीक, पण दुसऱ्याच्या अंगात जातो कसा? ते त्यानं १८९८ ला कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियावर दाखवलं, परजीवी डासाच्या लाळेच्या ग्रंथीत पोचतो म्हणून. माणसाच्या मलेरियाचं त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्याच्या सोबत्यांनी दाखवलं. १९०२ ला नोबेल मात्र एकट्या रॉसला, आणि त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली. भांडणाचा भाग गाळू नका, पोरांना भांडणं आवडतात आणि शास्त्रज्ञ पण माणसंच आहेत हे कळतं.

आणि गोष्ट सांगून उठू नका, डास दाखवा. पावसाळ्यात कुठल्याही परसात बॅरल, फुटका टायर, कुंडीखालची थाळी असतेच. काचेच्या बाटलीत ते पाणी घ्या, तोंडाला सुती कापड रबरानं घट्ट बांधा. अळ्या पृष्ठभागाला लागून आडव्या पडल्या असतील तर मलेरियाच्या जातीच्या, डोकं खाली करून तिरक्या लोंबकळत असतील तर दुसऱ्या, डेंगीवाल्या डासाच्या अळ्या अशाच लोंबकळतात. आपल्या गल्लीत बहुतेक लोंबकळणाऱ्याच मिळतील. अंड्यापासून डास उडायला आठ-दहा दिवस लागतात, मग आरोग्यवाले आठवड्यातनं एक कोरडा दिवस (साठलेलं पाणी ओतून टाकायचा) पाळा का सांगतात ते पोरांनाच विचारा. काम झालं की पाणी कोरड्या जमिनीवर ओता, गटारात नाही, आणि बाटली घरी न्यायला कुणालाही देऊ नका, कितीही हट्ट केला तरी.

पायरी ७: भाषा

सेमी-इंग्लिशची पोरं "ग्रॅव्हिटी" म्हणतात, मराठी माध्यमाची "गुरुत्वाकर्षण". दोन्ही चालू द्या. एका तासात नवीन शब्द दोन-तीनच, त्याच्या वर गेलं की पोरं शब्द उतरवून घ्यायला लागतात आणि बघायचं सोडतात. आणि "समजलं का?" हा प्रश्न विचारू नका, उत्तर "होऽऽ सर" असंच येतं. "उद्या तुझ्या धाकट्या बहिणीला कसं सांगशील, सांग बघू" असं म्हणा, मग खरं काय पोचलंय ते कळतं.

प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "मला येत नाही, पण कसं शोधायचं ते बघू" म्हणून पुढच्या रविवारी सांगा, आणि नक्की सांगा, पोरं लक्षात ठेवतात.

पायरी ८: बाहेर न्या, आधी स्वतः जाऊन या

हंगामात गुऱ्हाळ म्हणजे आपल्याकडची सगळ्यात भारी लॅब. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस उकळतोय, भेंडीचं चिकट पाणी घातलं की मळी वर येते, ती काढून टाकतात, चुलाणात चिपाडं जळतायत. पायरी १ मधलं पाणी आठवतंय ना, ९८ ला अडकलेलं? रसातलं पाणी उडून जातं तसा पाक घट्ट होतो आणि त्याचा उकळबिंदू चढत जातो, गूळ उतरवायच्या वेळेला ११८ च्या आसपास. गुळव्या (गूळ करणारा) थर्मामीटर वापरत नाही, थोडा पाक थंड पाण्यात टाकून गोळी कशी होते ते बोटानं बघतो. त्याला विचारायला लावा, कुठल्या गोळीला थांबायचं हे कसं ओळखता? पोरांना त्याचं उत्तर तुमच्यापेक्षा जास्त पटतं. मालकाला आधी विचारून जा, दहा पोरांमागं एक मोठा माणूस, आणि काहिलीपासून पोरं चांगली लांब, यात तडजोड नाही. पाक अंगावर उडाला तर पाण्यापेक्षा वाईट भाजतो, चिकटून राहतो.

पायरी ९: वर्षाचं कॅलेंडर करून ठेवा

विज्ञान दिनाला एकदा येऊन गेलेला माणूस पोरं विसरतात. महिन्यातनं एकदा तरी भेटा, आणि गावात जे घडतंय त्याच्या मागं जा.

जानेवारी संपता संपता किरणोत्सव. २८ फेब्रुवारीला सी. व्ही. रामन, कारण १९२८ साली त्याच दिवसाचा त्यांचा रामन परिणामाचा शोध. मेच्या पहिल्या आठवड्यात, ६-७ तारखेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमाराला आपल्या गावात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या पाईपची सावली गायब होते. बारा वाजता का नाही, साडेबारालाच का, हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. घड्याळ आपलं प्रयागराजजवळच्या (आधीचं अलाहाबाद) रेखांशाचं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला, सूर्य आपल्याकडं उशिरा येतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा शून्य सावली असते पण ढग काही दिसू देत नाहीत, तिच्या नादाला लागू नका.

जुलैत पंचगंगा आहेच. राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज पेपरात येते, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे पोरांना पाढ्यांसारखे येतात. आलेख कागद द्या आणि रोजचा ठिपका मांडायला लावा, शेजारी राधानगरी-गगनबावड्याचा पाऊस. पाऊस तिकडं पडल्यावर इकडं पाणी किती तासांनी चढतं ते आलेखातनंच बाहेर येतं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले अशी बातमी आली की ते कुठल्या बटणाशिवाय, पाण्याच्याच जोरावर कसे उघडतात यावर एक रविवार काढा. २० ऑगस्टला रॉस आणि डास. नोव्हेंबरात पुन्हा किरणोत्सव, आणि या वेळेला पोरांकडं गच्चीवरच्या नोंदी असतील. त्यानंतर गुऱ्हाळ.

डिसेंबरात १५ ते २८ तारखेपर्यंत सूर्य मावळायची जागा हलल्यासारखी वाटतच नाही. हे आधी सांगू नका. वह्या तपासताना कुणीतरी तक्रार करेल की माझं चित्र दोन रविवार सारखंच आलंय, काहीतरी चुकलंय. त्या पोराला फळ्याजवळ बोलवा आणि पुढचा तास त्यालाच घेऊ द्या.